बसलाय म्हणजे करतोय काय?

प्रश्न : आठवीच्या चाचणीत ‘काहीही न करता वेळ घालवणे या अर्थाचे एक क्रियापद लिहा’ असे विचारले होते. बऱ्याच मुलांनी ‘बसणे’ लिहिले. बसून माणूस अभ्यासही करतो, म्हणून मी ते चूक धरले. पालक म्हणतात, गुण द्या. काय करावे? (शिक्षिका, जुळे सोलापूर)

अर्धा गुण द्यावा. ‘बसून असणे’ असे कुणी लिहिले असेल तर त्याला पूर्ण. मुलांचा कान बरोबर आहे, उत्तर तेवढे अर्धे राहिले आहे.

रोजच्या बोलण्यात या अर्थाचे एका शब्दाचे क्रियापद मराठीत जवळजवळ नाहीच. ‘आळसावणे’ आहे, पण ते अंगात भरलेल्या सुस्तीबद्दल बोलते. आळसावलेला माणूस रेटून कामही करत असतो. म्हणून आपण शरीराची ठेवण सांगतो आणि उरलेले ऐकणाऱ्यावर सोडतो : बसलाय, पडलाय, लोळतोय, उभा आहे. त्यात सगळ्यात जास्त राबवलेले क्रियापद ‘बसणे’. त्याच्या स्वतःच्या अंगात मात्र रिकामपण नाही. ते शेजारच्या शब्दाकडून आणि क्रियापदाच्या रूपाकडून येते. फळ्यावर ही चार वाक्ये एकाखाली एक लिहा :

मुलगा घरी आहे.
मुलगा घरात बसलाय.
मुलगा घरी बसलाय.
मुलगा घरी बसून आहे.

पहिल्यात फक्त ठिकाण कळते. दुसऱ्यात तो चार भिंतींच्या आत आहे, ओसरीवर किंवा अंगणात नाही, इतकेच. तिसऱ्यात त्याला नोकरी नाही किंवा असलेली सुटली आहे. चौथ्यात त्याला बरेच दिवस झाले आहेत आणि ते बोलणाऱ्याला खुपते आहे. ‘घरात’चे ‘घरी’ झाले की जागा मागे पडते आणि स्थिती पुढे येते. ‘बसलाय’चे ‘बसून आहे’ झाले की काळ लांबतो.

आता उलट बाजू. ‘डॉक्टर संध्याकाळी 6 ते 9 बसतात.’ ‘मामा दुकानात बसतात.’ ‘धाकटा गल्ल्यावर बसतो.’ इथे बसणे हेच काम आहे, आणि गल्ल्यावरचे तर जबाबदारीचे. रूप पाहा : बसतो, बसतात. नेहमीचा रिवाज सांगणारे रूप आणि सोबत कामाचे ठिकाण आले की अर्थ कामाचा निघतो. झालेली स्थिती सांगणारे रूप आणि सोबत घर आले की रिकामपणाचा. अपवाद सापडतील, पण आठवीच्या वर्गाला एवढी खूण पुरते.

याच धड्यात आणखी एक गोष्ट सांगून टाका. काही मुले ‘मी बाकावर बसत आहे’ असे लिहितात. बसणे ही क्षणाची क्रिया आहे. ती उरकते आणि मग तिची स्थिती उरते, म्हणून ‘बसलो आहे’. झोपणे, निजणे, टेकणे यांचेही तसेच : ‘बाळ झोपले आहे’. ‘बसत आहे’ हे रूप एखादा खाली टेकण्याच्या बेतात असेल तरच चालेल. नकारात मात्र ‘बसत नाही’ हे रूप चपखल असते, आणि तिथे वस्तूलाही चालते : झाकण बसत नाही, नट बसत नाही.

प्रश्न : आमच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, गल्लीच्या तोंडाशी दखनी (इकडची उर्दू). रिकामा असलो की सगळे ‘नुसता बसलोय’च म्हणतात, आपापल्या भाषेत. हे कुणी कुणाकडून घेतले? (वाचक, पूर्व भाग)

तेलुगूत ‘ऊरिके कूर्चुन्नानु’, कन्नडात ‘सुम्मने कूतिद्दीनि’, दखनीत ‘खाली बैठा हूँ’, आणि कट्ट्यावरच्या सोलापुरीत ‘काय करलालास बे?’ला उत्तर ‘काय नाय, नुसतंच बसलाव’. चारही ठिकाणी घडण एकच : आधी ‘उगाच’ या अर्थाचा शब्द, मग बसल्याची स्थिती. उसनवारी मानायची गरज नाही. बसण्याने रिकामपण सांगायची खोड आपल्याकडच्या अनेक भाषांना आहे.

फरक त्या पहिल्या शब्दात आहे आणि भाषांतर तिथेच फसते. ‘ऊरिके’मध्ये ‘उगाच’ आहे तसे ‘फुकट’ही आहे, ‘ऊरिके इच्चारु’ म्हणजे पैसे न घेता दिले. ‘सुम्मने’मध्ये ‘गप्प’ आहे. ‘सुम्मनिरु’ म्हणजे गप्प राहा. त्यामुळे ‘सुम्मने कूतिद्दीनि’चे कुणी ‘मी गप्प बसलोय’ केले की ऐकणाऱ्याला वाटते, हा रुसला. दखनीतला ‘खाली’ आणखी घोटाळ्याचा. रिक्षावाल्याला ‘खाली आहे का?’ विचारले तर कुणी अडखळत नाही, पण ‘मी खाली बसलोय’ म्हणजे मराठीत जमिनीवर किंवा खालच्या मजल्यावर. रिकामा असाल तर ‘रिकामा’ किंवा ‘नुसता’ म्हणा.

‘बे’बद्दल दोन शब्द. तो बरोबरीच्या मित्रालाच. वडीलधाऱ्यांना, पाहुण्यांना, अनोळखी माणसाला नाही. तिथे अण्णा, मामा, मालक.

प्रश्न : मग बसवेश्वरांच्या नावातला ‘बसव’ आणि आपले ‘बसवणे’ यांचा संबंध आहे का? वर्गात एकाने तसे सांगितले. (विद्यार्थी, बाळीवेस)

काडीचा नाही. ‘बसव’ म्हणजे बैल. संस्कृत ‘वृषभ’ कन्नडात त्या रूपाने आला. आपले ‘बसणे’ ‘उप’ आणि ‘विश्’ यांपासूनचे. गुजरातीतले ‘बेसवुं’ त्याचे सख्खे भावंड आणि हिंदीतले ‘बैठना’ ‘उपविष्ट’वरून आलेले चुलत भावंड. गंमत अशी की बसवण्णांची शिकवण बसण्याच्या नेमकी उलटी आहे. ‘कायकवे कैलास’, म्हणजे हातचे काम हाच कैलास. बाराव्या शतकात संत सिद्धरामेश्वरांनी सोलापुरातले तळे लोकांच्या श्रमातून खोदून घेतले, तेही याच विचाराच्या परंपरेत बसते. (हे ‘बसते’ पुन्हा नटबोल्टवाले.)

प्रश्न : शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मुली ‘काही नाही, घरी बसून असते’ असे लिहितात. चौकशी केली तर कळते की आई बिड्या वळते. हे कसे दुरुस्त करावे? (शाळेतील लिपिक, अशोक चौक परिसर)

यात भाषेची चूक लहान आहे, पण तिच्यामुळे हक्काचा कागद बिघडतो.

‘घरी बसून असते’ आणि ‘घरी बसून बिड्या वळते’ यांत पहिले दोन शब्द तेच आहेत. पण ‘बसून’नंतर ‘असणे’ किंवा ‘राहणे’ आले तर बसणे हीच सगळी हकीकत होते. दुसरे कुठलेही क्रियापद आले तर ‘बसून’ फक्त काम कसे आणि कुठे केले जाते ते सांगते. मुली वाक्याचा शेवट गिळतात, कारण घरात सगळे तसेच बोलतात.

बीडीचे काम बसून केले जाते, म्हणून ते डोळ्यांना बसणे दिसते. पण त्यात पाने भिजवणे, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापणे, जर्दा भरणे, वळणे, दोरा बांधणे, तोंड दुमडणे एवढे टप्पे आहेत आणि मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळते. अशा कामाला मराठीत चांगला शब्द आहे : ‘बैठे काम’. ‘बैठे’ हे विशेषण कामाला लागते, रिकाम्या माणसाला कधी लागत नाही. अर्जात लिहावे : ‘बीडी कामगार (घरखेप)’. घरी माल आणून काम करणाऱ्यांसाठी ‘घरखेप कामगार’ हा शब्द रुळलेला आहे. ओळखपत्र असेल तर त्यावर जे शब्द असतील तेच उतरवावेत, म्हणजे पडताळणीत अडत नाही.

शिवण, पापड, वाती, गोधड्या, मागाच्या कांड्या भरणे, सगळ्यांना हेच लागू.

प्रश्न : ‘बोलत होतो’ आणि ‘बोलत बसलो’ यांत नेमका फरक काय? आणि ‘बोलून बसलो’? (वाचक, विजापूर रस्ता)

‘-त बसणे’ आणि ‘-ऊन बसणे’ ही दोन निराळी यंत्रे आहेत. दोन्हींत खुर्ची लागत नाही.

‘बोलत होतो’ ही साधी बातमी. ‘बोलत बसलो’मध्ये वेळ जास्त गेला आणि तो तिथे जायला नको होता, असा बोलणाऱ्याचा शेरा आहे. म्हणूनच आज्ञेत हे रूप बहुधा नकारातच ऐकू येते : ‘विचार करत बसू नकोस’, ‘शोधत बसू नका’. यात शरीर बसलेले असायची अट नाही. ‘दिवसभर दाखल्यासाठी या खिडकीहून त्या खिडकीला फिरत बसलो’ हे अस्सल मराठी आहे. पायाचे तुकडे पडले तरी माणूस ‘बसलो’च म्हणणार. रिकामपणाचा आरोप इथे माणसावर नाही, खर्ची पडलेल्या वेळेवर आहे. शेरा नेहमी कडवटच असतो असेही नाही. ‘पाऊस बघत बसलो’मध्ये निवांतपणा आहे, कारण वेळ वाया गेल्याची खंत कुणालाच नाही.

‘-ऊन बसणे’ म्हणजे होऊन गेले आणि आता परत फिरवता येत नाही. ‘शब्द देऊन बसलो’, ‘सही करून बसला’, ‘नको ते बोलून बसलो’, ‘चावी विसरून बसले’. इथे वेळेचा प्रश्नच नाही, परिणामाचा आहे. ‘रुसून बसणे’, ‘दबा धरून बसणे’, ‘अडून बसणे’ यांत तीच स्थिती धरून ठेवली जाते.

तिसरी जोडणी ‘-ला बसणे’. जेवायला, अभ्यासाला, परीक्षेला, उपोषणाला. इथे बसणे म्हणजे कामाला हात घालणे. उपोषणाला बसलेला माणूस काही करत नाही असे म्हणून पाहा, मग कळेल. हातमागाच्या काळातले ‘मागावर बसणे’ही कामातच उतरणे होते. खड्ड्याच्या मागावर विणकर खरोखर बसतो, पाय खड्ड्यात आणि पायांखाली पावड्या. यंत्रमागावर कामगार उभा असतो, एका मागाकडून दुसऱ्याकडे फिरत असतो, म्हणून तिथे ‘माग चालवणे’ म्हणतात.

प्रश्न : टॉवेलच्या कारखान्यात नोंदवही मराठीत ठेवायची आहे. ‘आयडल’ या रकान्याला काय लिहावे? ‘माग आळशी’ तर लिहिता येणार नाही! (पर्यवेक्षक, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी)

एकच शब्द शोधू नका. इंग्रजी शब्दाने चार गोष्टी एका पोत्यात भरल्या आहेत. मराठीत त्या सुट्या लिहिल्या तर हिशेबही सुधारेल.

धागा तुटला, धोटा अडकला, बाणा (आडवे सूत) संपला, मिनिटांत माग पुन्हा सुरू होणार : थांबला.
माग धड आहे, कामगार आहे, पण बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) आला नाही, सूत नाही किंवा वीज नाही : उभा. गाडी ‘उभी’ असते त्याच अर्थाने, म्हणजे तयार आहे पण हालत नाही.
ठरवून चालवला नाही, मागणी नाही, सुट्टी आहे, दुरुस्ती काढली आहे : बंद.
आठवडेच्या आठवडे कुणी हात लावलेला नाही, धूळ बसली आहे : पडून.

पाचवी अवस्था वेगळीच. मोटार फिरते आहे, वीज जळते आहे आणि कापड मात्र निघत नाही. ती यांपैकी कशातच घालू नका. रिकामा चालू असे लिहा. हा रकाना नसला की तो वेळ चालू तासांत मिसळतो, मग वीज बिल आणि मीटर कापड यांचा मेळ लागत नाही आणि दोष कामगारावर जातो.

हिशेब माग-तासांत ठेवा. समजा 8 माग आणि 12 तासांची पाळी, म्हणजे 96 माग-तास. दोन माग बीमअभावी 3 तास उभे राहिले तर 6 माग-तास गेले, म्हणजे सव्वासहा टक्के. नुसते ‘3 तास आयडल’ लिहिले तर एक माग की आठही, ते महिन्यानंतर कुणालाच सांगता येत नाही.

माणसांसाठी यातला एकही शब्द वापरू नका. ‘कामगार बसून आहेत’ हे वाक्य नोंदवहीत गेले की त्याचा अर्थ ‘काम असून करत नाहीत’ असा लावता येतो. ‘कामगार हजर, काम उपलब्ध नाही’ असे लिहावे. गैरहजेरीला आपला ‘खाडा’ आहेच. पण खाडा कामगाराकडून पडतो. मालकाकडे सूत नव्हते त्या दिवसाला खाडा म्हणणे अन्याय आहे. संप कामगार करतात, टाळेबंदी मालक करतो, आणि कच्चा माल किंवा वीज नसल्याने मालक काम देऊ शकत नाही तेव्हा तो ले-ऑफ. ले-ऑफमध्ये कायद्याने पात्र कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या 50 टक्के भरपाई मिळते. तिला ‘बसून पगार’ म्हणायची पद्धत आहे, ती कागदावर तरी नको.

प्रश्न : नवीन बदली होऊन आलो. कार्यालयातल्या एका ज्येष्ठांना ‘तुम्ही रिकामे आहात का?’ असे विचारले, तर ते दोन दिवस बोलले नाहीत. (वाचक, होटगी रस्ता)

‘मोकळे आहात का?’ विचारायला हवे होते. मोकळा म्हणजे कामातून सुटलेला, तेव्हा त्याला काम आहे हे गृहीत असते. रिकामा म्हणजे ज्यात काही भरलेलेच नाही. भांडे, खिसा, खोली रिकामी असायला हरकत नाही; माणूस रिकामा म्हटला की तो ‘रिकामटेकडा’च्या शेजारी जाऊन बसतो. स्वतःबद्दल ‘मी रिकामाच आहे, या’ म्हणणे मात्र नम्रपणाचे. वडीलधाऱ्यांना विचारताना दोन्ही शब्द टाळून ‘साहेब, पाच मिनिटं वेळ होईल का?’ हे सगळ्यात बरे.

प्रश्न : रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या का लावतो? (वाचक, साखर पेठ)

तुंबडी म्हणजे अंगातले दूषित मानलेले रक्त ओढून काढायचे पोकळ साधन. पूर्वी हजामतीबरोबर हेही काम न्हाव्याकडे असे. गिऱ्हाईक नसले की हात शिवशिवतात, म्हणून तो भिंतीला (कुठे कुठे ‘कुडाला’) तुंबडी लावतो. म्हणजे ही म्हण आळशी माणसाबद्दल नाहीच. काम नसताना निरर्थक उद्योग काढणाऱ्याबद्दल आहे. दुकानात गिऱ्हाईक नाही आणि मालक स्वस्थ बसला आहे, तर ‘माशा मारतोय’. गिऱ्हाईक नाही म्हणून तो चांगली मांडलेली फळी पुन्हा उतरवून लावतोय, तर तुंबड्या. नेमून दिलेले काम समोर असून इकडेतिकडे करतोय, तर ‘टंगळमंगळ’. उद्यावर ढकलतोय, तर ‘चालढकल’. घराबाहेर आहे, तर ‘उनाडतोय’ किंवा ‘उंडारतोय’. यातला दुसरा शब्द मोकाट गुरांचा, तेव्हा दुसऱ्याच्या मुलाला लावताना जपून.

प्रश्न : शेत पावसाळ्यात रिकामे ठेवतो, तर शहरातले नातेवाईक ‘जमीन पडीक टाकली’ म्हणतात. नोंद काय करावी? (शेतकरी, मंगळवेढा तालुका)

‘पड’ आणि ‘पडीक’ यांत ‘बसतो’ आणि ‘बसून आहे’ एवढेच अंतर आहे. पावसाळी पड ही रब्बी ज्वारीची तयारी. खरिपात पेरायचे नाही, पण कुळवाच्या तीन-चार पाळ्या द्यायच्या. त्याने तण मरते, वरचा थर मोकळा राहतो, भेगा बुजतात आणि काळ्या रानात ओल धरून राहते. मग 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान पेरा. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी 35-1 याच ओलीवर येते. जमीन पडलेली असते, शेतकरी पडलेला नसतो. पाळ्या चुकल्या तर तण ओल पिऊन जाते, भेगा पडतात आणि ते रान खरोखर पडीकाच्या वाटेला लागते.

ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या पीक नोंदणीत, ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ असे दोन पर्याय दिसतात. खरिपाच्या पाहणीत या क्षेत्राला ‘चालू पड’ लावा, ‘कायम पड’ नको. रब्बीची पाहणी सुरू झाली की त्याच गटावर ज्वारीचा पेरा नव्याने नोंदवा. खरिपातली नोंद आपोआप बदलेल म्हणून थांबू नका.